कुणी कुणाला सांगितलं

मॅडम मीटिंगला हेल्मेट घालून बसायच्या. विसरून नव्हे. कासारसाईहून घोटावड्यामार्गे पौडपर्यंत स्कूटर चालवत यायच्या, खुर्चीत बसायच्या, हेल्मेटची काच वर करायच्या आणि म्हणायच्या, "डोकं अजून रस्त्यावरच आहे. पण तुम्ही करा सुरू." मग मधेच कधीतरी, एखाद्या मुद्द्यावर त्यांचं समाधान झालं की ते हेल्मेट निघायचं. निघालं की आम्ही एकमेकांकडे बघायचो. आज लवकर सुटका आहे, असा त्याचा अर्थ. मीटिंग संपली तरी ते डोक्यावरच राहिलं, असेही दिवस मी पाहिले आहेत.

आमचं ऑफिस पौडच्या एसटी स्टँडसमोर, एका हार्डवेअरच्या दुकानावर होतं. खाली दिवसभर पत्रे कापले जायचे. वर आम्ही पाच-सहा जण. काम असं होतं, की मुळशीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करणारी एक संस्था होती आणि तालुक्यातच एका ट्रस्टचं रुग्णालय होतं. दोघांकडे बहुतेक तीच माणसं, पण प्रत्येकाची कॉम्प्युटर सिस्टम वेगळी. संस्थेच्या ताईला जे ठाऊक असायचं ते डॉक्टरांना कळायचं नाही आणि डॉक्टरांनी बदललेली गोळी ताईला कळायची नाही. मधल्या मधे म्हातारा माणूस दोन-दोन गोळ्या खायचा नाहीतर एकही खायचा नाही. या दोन सिस्टम जोडायचं काम आमच्या छोट्याशा कंपनीला मिळालं होतं, आणि मॅडम आमच्या प्रमुख होत्या.

मी मूळचा नांदेडचा. हिंजवडीत बरीच वर्षं काढून इथे आलो होतो. मॅडम सोलापूरच्या. उमेदीचा सगळा काळ त्यांनी बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये घालवला होता आणि पन्नाशीनंतर ते सगळं सोडून त्या या कामात पडल्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. स्वतःबद्दल त्या काहीच सांगत नसत. घरी कोण असतं, दोन दिवस का आल्या नाहीत, असलं काही विचारलं की डब्यातली कडक भाकरी टेबलाच्या कडेवर आपटून तिचे तुकडे करायच्या, शेंगाचटणीची पुडी उघडायच्या आणि म्हणायच्या, "खा."

स्क्रीनवर एखाद्या माणसाची नोंद उघडली की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. ऑफिसात आम्ही दोघंच असलो, खाली पत्र्याचा खणखणाट चालू असला, तरीसुद्धा. एकदा मी म्हटलं, "मॅडम, मला ऐकू येत नाहीये. इथे दुसरं कुणी नाही."

"तो माणूसही इथे नाही ना," त्या म्हणाल्या. "त्याच्या पाठीमागे बोलतोय आपण. जरा हळू बोलावं."

'डेटा' हा शब्द त्यांना चालायचा नाही. त्या 'सांगणं' म्हणायच्या. "आज किती सांगणी आली?" असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा आम्ही हसलो होतो. नंतर आम्हीही तसंच बोलायला लागलो. आमच्या प्रोग्रॅममधल्या एका टेबलाचं नाव आजही 'सांगणं' असंच आहे. उद्या कुणी परका इंजिनिअर ते उघडून बघेल तेव्हा बुचकळ्यात पडेल.

आणि प्रत्येक रकान्यासमोर त्यांचा एकच प्रश्न असायचा, "हे कुणी कुणाला सांगितलं?"

"वय आहे मॅडम. आधार कार्डावरून आलंय."

"म्हणजे आजीनं सांगितलेलं नाही. कार्ड काढताना शेजाऱ्यानं अंदाजानं सांगितलं असणार. पुढे."

या प्रश्नापायी आम्ही त्यांना मागे 'चौकशी खिडकी' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा दारातून आत येता येता त्याच म्हणाल्या, "खिडकी उघडली आहे. रांगेनं या."

पहिल्यांदा दोन्ही सिस्टम जोडून पाहिल्या तो दिवस मला चांगला आठवतो. रुग्णालयाचा नोंदणी खिडकीवरचा स्क्रीन आम्ही आमच्याकडे उघडला होता आणि त्यावर संस्थेकडची माहिती भराभर उमटत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांना हौसाबाईंची नोंद दिसली.

हौसाबाई कोळवणच्या बाजूच्या एका वाडीत राहायच्या. हात मोडून रुग्णालयात आल्या तेव्हा, भातखाचराच्या बांधावरून पाय घसरला, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं. पण संस्थेच्या मंगलताई त्यांच्याकडे नेहमी जायच्या. त्यांना हौसाबाईंनी खरं सांगितलं होतं. मुलानं दारू पिऊन ढकललं होतं. मंगलताईंनी ते संस्थेत नोंदवलं होतं, आणि आता ते वाक्य खिडकीवरच्या स्क्रीनवर, हौसाबाईंच्या नावाखाली, सगळ्यांना दिसेल असं आलं होतं.

मॅडमनी हेल्मेट उचलून पुन्हा डोक्यावर चढवलं. "बंद करा हे," म्हणाल्या. "आणि चला."

आम्ही जीपनं कोळवणला गेलो आणि तिथून पायी वाडीवर. हौसाबाई ओट्यावर बसल्या होत्या. मॅडम त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"आजी, हाताचं तुम्ही मंगलताईला जे सांगितलंत ना, ते दवाखान्यात कळलं तर चालेल का?"

"कुनाला कळंल?"

"तिथल्या लोकांना."

"लोकं म्हंजी कोन? नीट सांग की."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "सांगा. कुणाकुणाला दिसतं?"

मी आठवून सांगायला लागलो. डॉक्टर, नर्स, औषधं देणारा, बिलं करणारा, खिडकीवरची मुलगी. हौसाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डाक्टरला कळू दे. त्यो काय माज्या घरी जेवाया येत न्हाई. नरसबाईला बी चालंल. पन खिडकीवरल्या पोरीला नगं. ती आमच्या सुनंच्या म्हायेरची हाय. सांच्याला समद्या वाडीला व्हईल."

"आणि मुलाला कुणी चार शब्द सुनवावे, असं वाटतं का?"

हौसाबाईंनी मोडलेला हात पदराखाली घेतला. मग म्हणाल्या, "सुनवा. पन मी सांगितलं म्हनून नगं."

परत येताना मॅडमनी ठरवूनच टाकलं, की प्रत्येकाला असं विचारायचं. कोणती गोष्ट कुणाला कळलेली चालेल आणि कुणाला नाही. पुण्याहून आमचे मालक व्हिडिओ कॉलवर आले आणि म्हणाले, की असं घरोघर हिंडायला वेळ कुठून आणायचा, सगळ्यांच्या संमतिपत्रावर सह्या तर आहेतच.

"सह्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "विचारलेलं नाही."

मग आम्ही हिंडलो. भाताची लावणी, कापणी, उन्हाळा, सगळं त्या हिंडण्यात गेलं. कोळवणच्या खोऱ्यात शहरातल्या लोकांनी बांधलेली फार्महाउसं आहेत, तिथेही काही म्हातारी जोडपी एकटीच राहतात. एका बंगल्यात एक निवृत्त गृहस्थ आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टरांना सगळं कळू द्या हो. फक्त साखरेचं हिला कळू देऊ नका." आतून बाईंचा आवाज आला, "मला माहीत आहे!" मॅडम एवढ्या हसल्या, की फाटकाला धरून उभ्या राहिल्या.

त्याच फेऱ्यांमध्ये आम्ही गेनूबाबांकडे गेलो.

गेनूबाबा कोळवणच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला, धनगरांच्या वस्तीवर राहायचे. मेंढरं केव्हाच विकली होती, दहा-बारा शेरडं राखून होते. बायको वारलेली. मुलगा हिंजवडीला एका सोसायटीत वॉचमन, त्याचा संसार तिकडेच. गेनूबाबांना फिट यायची. पिरंगुटच्या एका खाजगी डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या, आणि त्या गुपचूप आणून द्यायचं काम मंगलताई करायच्या. ट्रस्टच्या रुग्णालयात यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"तिथं सांगायचं न्हाई," गेनूबाबा म्हणाले. "त्या दवाखान्यात आमचं समदं गणगोत येतंय. नातीचं लगीन जमवायचं चाललंय. आज्याला फिट येती म्हनल्यावर कोन करंल तिला? माज्या पोराला बी ठावं न्हाई."

"डॉक्टरांना एकट्यांना सांगितलं तर?"

"कुनालाच न्हाई." मग त्यांनी मॅडमकडे रोखून बघितलं. "शबुद द्या."

मॅडमनी हेल्मेटची काच वर केली. "दिला," म्हणाल्या.

उतरताना मी म्हटलं, की हे धोक्याचं आहे. त्या म्हणाल्या, "आहेच. पण सांगणं त्यांचं आहे, आपलं नाही." गेनूबाबांच्या नोंदीला कुलूप घातलं गेलं. ते उघडायचा अधिकार फक्त दोघींना होता, मंगलताईंना आणि मॅडमना.

पाऊस ओसरत आला होता तेव्हा गेनूबाबा शेरडांमागे जाताना शेवाळलेल्या खडकावरून घसरले आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. वस्तीवरच्या पोरांनी त्यांना जीपमधून ट्रस्टच्या रुग्णालयात आणलं. मुलगा हिंजवडीहून धावत आला. नातीला बघून गेलेली माणसंही विचारपूस करायला आली. खाटेभोवती एवढी सगळी उभी असताना डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, कसल्या गोळ्या चालू आहेत का?"

"कसल्याच न्हाईत," गेनूबाबा म्हणाले.

गोळ्या घरी फळीवर राहिल्या होत्या. मंगलताई त्यांच्या आईच्या आजारपणासाठी माहेरी गेल्या होत्या, त्यांना यातलं काही कळलंच नाही. गोळ्या बंद झाल्या आणि दोन-तीन दिवसांनी सकाळी गेनूबाबांना फिट आली. एक ओसरते न ओसरते तोच दुसरी. शुद्ध येईच ना.

डॉक्टरांचा फोन आमच्या ऑफिसात आला. तरुण होते, हुशार होते, आवाज चढलेला होता. "या पेशंटच्या नावासमोर तुमच्याकडचं कुलूप दिसतंय. आत काय आहे?"

मॅडमनी फोन माझ्या हातातून घेतला, खांद्याशी धरला आणि कुलूप उघडलं. मी बघत होतो, त्या जराही अडखळल्या नाहीत. नेहमीसारखाच आवाज खाली आणून त्यांनी गोळीचं नाव सांगितलं, मात्रा सांगितली. "तुमच्याकडे आल्यापासून बंद असणार. आणि डॉक्टर, हे मी तुम्हाला सांगते आहे. बाहेर मुलगा उभा असेल, त्याला नाही."

दुपारपर्यंत गेनूबाबांच्या फिट थांबल्या. ते वाचले.

संध्याकाळी डॉक्टर स्वतः ऑफिसात आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "तुमच्या कुलपामुळे माझा पेशंट गेला असता."

"हो," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टर भांडायच्या तयारीनं आले होते. त्या एका शब्दानंतर तसेच परत गेले.

गेनूबाबा नीट बोलायला लागल्याचं कळलं त्या दिवशी मॅडम मला घेऊन रुग्णालयात गेल्या. खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या.

"बाबा, मी शब्द मोडला. तुमचं डॉक्टरांना सांगितलं."

गेनूबाबांनी छताकडे बघत विचारलं, "कवा?"

"तुम्ही शुद्धीवर नव्हता तेव्हा."

"मग इचारलं कुनाला?"

"कुणालाच नाही. विचारायला वेळ नव्हता."

"मी मेलो असतो तर मेलो असतो," ते म्हणाले. "नातीचं जमलं तरी असतं." आणि तोंड भिंतीकडे करून म्हणाले, "जावा तुमी."

मी दाराशी उभा होतो. मला फार राग आला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही त्यांचा जीव वाचवलात आणि त्यांनी तुम्हाला हाकललं."

"वाचवलं डॉक्टरांनी," मॅडम म्हणाल्या. "मी शब्द मोडला. मोडायलाच हवा होता, आणि तरी तो मोडलाच. एकामुळे दुसरं पुसलं जात नाही."

वॉर्डात इतक्या लोकांसमोर फिट आल्यावर गोष्ट लपणार कुठून? डॉक्टर काही बोलले नाहीत, पण शेजारच्या खाटेवरून ती बाहेर पडली. बघून गेलेल्या माणसांचा पुन्हा निरोप आला नाही. पत्रिका जुळली नाही, असं घरचे सांगायचे. गेनूबाबांनी मात्र ते मॅडमच्याच नावावर मांडलं. मंगलताई वस्तीवर गेल्या तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. "गोळ्या पोरगा आनून देतोय. तुमच्या त्या टोपीवाल्या बाईला सांग, हितं पाय टाकायचा न्हाई." मॅडमनी तो निरोप ऐकून घेतला आणि त्या खरंच पुन्हा तिथे गेल्या नाहीत. आम्ही गेलो असतो. समजूत काढली असती. मॅडमचं म्हणणं पडलं, की नको म्हटलंय ना, मग नको.

त्यानंतर मोठी मीटिंग झाली. मालक पुण्याहून आले, डॉक्टरही आले. सगळी कुलपं काढून टाका, असं दोघांचंही म्हणणं होतं. मॅडम हेल्मेट घालून ऐकत होत्या.

"कुलूप राहील," त्या म्हणाल्या. "पण जिवावरचा प्रसंग असेल तर डॉक्टरांनी आम्हाला फोन करायचा नाही. सरळ उघडायचं. तशी सोय आम्ही करतो."

सगळ्यांना बरं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "एवढंच हवं होतं." हेल्मेट मात्र निघालं नाही.

"आणि ज्यानं उघडलं, त्यानं नंतर त्या माणसाला समोर जाऊन सांगायचं. तुमचं अमुक मी उघडून पाहिलं, या कारणासाठी. तोवर उघडणाऱ्याच्या स्क्रीनवर तांबडी ओळ राहील."

मालक म्हणाले, "मेसेज पाठवू की आपोआप."

"मोबाइल सुनेच्या हातात असतो."

"म्हणजे मी वाड्यांवर हिंडू?" डॉक्टरांनी विचारलं. "माझ्याकडे रोज किती पेशंट असतात, माहीत आहे का?"

"रोज नाही हिंडावं लागणार. ज्या दिवशी उघडाल त्याचंच."

डॉक्टर वैतागून हसले. "वेडेपणा आहे हा," म्हणाले. पण थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गेनूबाबांना त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. तुम्ही गेलात." आणि म्हणाले, "ठीक आहे, करा."

ती तांबडी ओळ मी लिहिली. डॉक्टर तिच्या नावानं बोटं मोडायचे. पण एका रविवारी ते स्वतः एका आजीबाईंच्या वाडीवर गेले आणि परतताना इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन आले. पाच मिनिटांचं काम म्हणून गेले होते, अख्खी दुपार तिथेच गेली. म्हणाले, "उघडलं ते बरं केलं, असं म्हणाल्या. आणि मग कुणालाच न सांगितलेलं बरंच काही सांगितलं. ते नोंदवू का?"

"त्यांना विचारलंत का?" मॅडमनी विचारलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

मॅडमनी काम सोडलं आणि त्या सोलापूरला परत गेल्या, त्याच्या थोडं आधीची गोष्ट. रुग्णालयात नवीन कॉम्प्युटर बसवायचे होते म्हणून आम्ही दोघं सकाळीच गेलो होतो. बाह्यरुग्ण विभागात गर्दी होती. खिडकीपाशी काठी टेकत गेनूबाबा उभे होते. आतल्या मुलीनं त्यांना हळू आवाजात काहीतरी विचारलं, आणि त्यांनी एवढ्या मोठ्यानं उत्तर दिलं, की सगळा हॉल वळून बघायला लागला.

"लिव की! फिट येती मला. घे लिवून मोठ्या अक्षरात. आता लपवायला काय ऱ्हायलंय?"

बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, चला, एक तरी नोंद पुरी झाली. आता हा म्हातारा कुठल्याही दवाखान्यात गेला तरी सुरक्षित आहे. मी मॅडमकडे बघितलं तर त्यांचा चेहरा पार उतरला होता.

नंबर यायला वेळ होता. गेनूबाबा बाकाच्या टोकाला जाऊन बसले आणि काठी शेजारच्या रिकाम्या जागेवर आडवी ठेवली. मॅडम गेल्या आणि काठीच्या पलीकडे बसल्या. मी जवळच खांबाला टेकून उभा राहिलो.

गेनूबाबांनी त्यांना ओळखलं. काठी मात्र हलवली नाही. मग म्हणाले, "मशिनीचं काम काडलंय जनू?"

"तेही आहे," मॅडम म्हणाल्या. "पण आज मला स्वतःलाही दाखवायचं आहे."

मला हे नवीन होतं. इतक्या वर्षांत त्यांनी साधी सर्दी झाल्याचंसुद्धा आम्हाला सांगितलं नव्हतं.

"काय हुतंय?" गेनूबाबांनी विचारलं.

मॅडम थोड्या वाकल्या आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलू लागल्या. मला फक्त ओठ हलताना दिसत होते. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. मधे एकदा त्यानं विचारलं, "घरी ठावं हाय?" मॅडमनी मान हलवून नाही म्हटलं आणि पुढे सांगत राहिल्या.

त्यांचं सांगून झालं. गेनूबाबांनी डोळे उघडले. खिडकीकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, खांबापाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. मग दोघांच्या मधली काठी उचलून त्यांनी पलीकडच्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवली.

"माज्यापाशी ऱ्हाईल," ते म्हणाले.